कपाळ, केस आणि मिशी: ऐतिहासिक नाटकाची रंगभूषा करताना

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेसाठी आम्ही १८८५च्या सुमाराच्या पुण्यातलं नाटक बसवलं होतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी वाड्यातले वडील वारतात आणि तिसरा अंक पंधरा दिवसांनी सुरू होतो. थोरला मुलगा तिसऱ्या अंकात आला तो पहिल्या अंकातल्याच झोकदार मिशीनिशी. ती मिशी मीच लावली होती. नेटवर, म्हणजे बारीक जाळीवर विणलेली होती आणि कड दिसू नये म्हणून अर्धा तास खपलो होतो. प्रयोगानंतर रंगपटाच्या दाराशी एक आजी थांबल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "बाप गेला ना रे त्याचा? मग मिशी कशी राहिली?"

ब्राह्मणी घरात वडील गेले की मुलाचं क्षौर व्हायचं आणि त्यात मिशीही उतरायची. मी मिशी सुबक लावली होती, पण तिसऱ्या अंकात त्या मुलाचे वडील जिवंत ठेवले होते. त्या दिवसापासून मी ऐतिहासिक नाटकाची रंगभूषा एकाच गोष्टीपासून सुरू करतो. त्या काळातल्या माणसाच्या डोक्यावर आणि कपाळावर त्याच्या घराची नोंद लिहिलेली असायची. नवरा आहे की गेला, बाप आहे की गेला, देव कुठला, आज घरात सुतक आहे की सण, हे सगळं समोरच्याला न विचारता कळायचं. आपल्या पात्राची ती नोंद प्रसंगागणिक बरोबर लिहिणं हे आपलं काम. चेहरा सुंदर दिसणं त्याच्या बरंच नंतर येतं.

हा लेख पेशवाईपासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या मराठी मुलखातल्या नाटकांसाठी आहे. हौशी संघ, महाविद्यालयीन एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

आधी संहिता, मग रंगाची पेटी

संहिता हातात आली की एक मोठा कागद घ्या. डावीकडे पात्रांची नावं लिहा, वर प्रवेश. प्रत्येक चौकोनात पात्राचं वय, सौभाग्य, वडील हयात आहेत का, मागच्या प्रवेशानंतर किती दिवस गेले, दिवसाची कुठली वेळ आहे, अंगावर आजार किंवा प्रवासाचा शीण आहे का, एवढं भरा. दिग्दर्शकाला यातले निम्मे प्रश्न कुणी विचारलेलेच नसतात. तालमीच्या पहिल्या आठवड्यात विचारलेत तर त्याला आणि नटांनाही त्याचा उपयोग होतो.

उदाहरणासाठी एक पात्र घेऊ. तिचं नाव द्वारका. पहिल्या अंकात ती चौदा वर्षांची, नुकती सासरी आलेली. दुसऱ्या अंकात बावीस वर्षांची, नवरा जातो आणि पुढच्या प्रवेशात त्याला जाऊन महिना झालेला. तिसऱ्या अंकात चाळिशी ओलांडलेली. अंक तीन असले तरी चेहरे चार लागतात, कारण दुसऱ्या अंकातच एका प्रवेशात तिच्या डोक्यावर केस आहेत आणि पुढच्या प्रवेशात नाहीत. तक्ता केला नाही, तर हा चौथा चेहरा तालीम संपत आल्यावर लक्षात येतो आणि मग घाईघाईने पदर ओढून वेळ मारून न्यावी लागते.

काळ दशकापर्यंत नेमका करा

"जुना काळ" नावाचा काळ नसतो. १७७२ मधलं, थोरले माधवराव पेशवे गेले ते थेऊर आणि १८८५ मधली सदाशिव पेठ यांत शंभराहून अधिक वर्षांचं अंतर आहे. पेशवाईसाठी चित्रं पाहा. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९०च्या दशकात पुण्यात होता. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना समोर बसवून रंगवलं. त्याच्याबरोबर काम केलेल्या गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या कलावंताची रेखाटनंही उपलब्ध आहेत आणि ती मला जास्त जवळची वाटतात, कारण तो आपल्याच माणसांकडे पाहत होता. वाईजवळ मेणवलीला नानांच्या वाड्यात भिंतींवरची चित्रं आहेत. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात फण्या, कुंकवाचे करंडे, आरसे, पाय घासायच्या वजऱ्या बघायला मिळतात. वजरी पाहिली की नऊवारीतल्या बाईच्या टाचा रंगवायच्या असतात, हे आपोआप आठवतं.

१८५०नंतर छायाचित्रं मिळू लागतात. विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या लोकांचे काढलेले फोटो याच सुमाराचे. फोटो हा मोठा आधार आहे, पण त्यात एक चकवा आहे. त्या काळच्या काचेवरच्या फोटोंचं रसायन निळ्या प्रकाशाला संवेदनशील होतं, तांबड्याला जवळजवळ आंधळं. त्यामुळे लाल कुंकू फोटोत काळं उमटायचं, गव्हाळ कातडी प्रत्यक्षाहून काळवंडलेली दिसायची आणि निळसर हिरवं गोंदण इतकं फिकट व्हायचं की दिसेनासंच होई. फोटोत काळा ठिपका दिसतो म्हणून काळी टिकली लावू नका. फोटोत हनुवटी कोरी दिसली तरी तिथे गोंदण नव्हतंच असंही धरू नका.

देवीचे वणही विसरू नका. मुंबईत देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी टोचली गेली. त्याआधीच्या कुठल्याही नाटकात दहा-बारा माणसांच्या घोळक्यात दोघातिघांच्या चेहऱ्यावर वण असणं अगदी स्वाभाविक आहे. रिजिड कोलोडियन नावाच्या द्रवाचे थेंब कातडीवर सुकवले की कातडी आक्रसून खळगा पडतो. ते डोळ्यांपासून आणि ओठांपासून लांब ठेवायचं आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून चोवीस तास वाट पाहायची. वण नायकाला द्यायला दिग्दर्शक सहसा तयार होत नाहीत. मी मात्र दरवेळी सुचवतो.

पुरुषाचं डोकं

मराठी ऐतिहासिक नाटकात सगळ्यांत जास्त चुका पगडीखाली होतात. वर शिंदेशाही पगडी आणि कानांमागे गेल्या रविवारी सलूनमध्ये मारलेला कट! पेशवाईतल्या ब्राह्मण पुरुषाचं डोकं पुढून तासलेलं, मागे घेरा (शेंडीभोवती राखलेले केस) आणि शेंडी असं असायचं. पगडी घातल्यावर कानाच्या वर, कल्ल्याच्या जागी आणि मानेवर जे दिसतं तेवढंच प्रेक्षकाला कळतं. म्हणून पगडी उतरणार नसेल तर पूर्ण टोपाची गरज नाही. नटाला कानांभोवती आणि मानेवर वस्तरा फिरवून घ्यायला सांगा. तेवढ्यावर काम भागतं.

पगडी उतरणार असेल, म्हणजे जेवणाचा, संध्येचा, आजाराचा किंवा शोकाचा प्रवेश असेल, तर दोनच वाटा. नटाने खरोखर डोकं करायचं, म्हणजे तासून घ्यायचं, किंवा टक्कल (टकलासारखी दिसणारी पातळ टोपी) लावून त्यावर मागे घेऱ्याचा टोप बसवायचा. तासलेल्या डोक्याला निळसर छटा असते. ती न दिल्यास डोकं गुळगुळीत चेंडूसारखं दिसतं. खरखरीत स्पंजने करडा, निळा आणि थोडा तपकिरी असे तीन रंग एकावर एक टिपायचे.

इथेच पात्र घडवायला मोठी जागा आहे. १८८०च्या दशकातला इंग्रजी शिकलेला तरुण डोक्यावर केस राखू लागतो आणि घरात त्यावरून वाद होतात. बापाचा घेरा चोख, धाकट्याने शेंडी ठेवली आहे पण भोवतीचे केस बोटभर वाढलेले, थोरल्याने मात्र दर पंधरवड्याला न्हाव्यापुढे बसणं सोडलेलं नाही. तिघं एका रांगेत जेवायला बसले की संवाद सुरू व्हायच्या आधी घरातलं भांडण प्रेक्षकाला दिसतं.

मराठा सरदारांचे कल्ले आणि गलमिशा ही वेगळी परंपरा. अलीकडे प्रत्येक मावळ्याला एकसारखी कोरीव दाढी लावायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. घोड्यावर महिनाभर असलेल्या माणसाची दाढी कोरलेली राहत नाही. तीच माणसं मोहिमेच्या सुरुवातीला आणि शेवटी वेगळी दिसली पाहिजेत.

मिशी लावताना

नेटची मिशी परवडत नसेल तर क्रेप केसांची लावा. क्रेप वेणी घातलेल्या स्थितीत मिळतो. आदल्या रात्री तो उकलून, ओला करून, ताणून वाळत टाका. एकाच रंगाचा केस कधी वापरू नका. काळ्यात थोडा गडद तपकिरी आणि पात्र पस्तिशीच्या पुढचं असेल तर चिमूटभर करडा मिसळा. ओठावर स्पिरिट गमचा (केस चिकटवायच्या डिंकाचा) पातळ थर लावा आणि बोटाने टिपत राहा. बोट उचलताना चिकट तार सुटली की केस लावायची वेळ झाली. ओठाच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून नाकाकडे यायचं, म्हणजे आतले केस बाहेरच्यांवर छपरासारखे बसतात. एका वेळी अर्धा सेंटिमीटर जाडीचा झुपका पुरे. नाकाखालच्या खळीत बारीक फट ठेवा, नाहीतर नट बोलू लागला की मिशी मधून फुगते. मग ओलसर सुती फडक्याने दाबा, दहा मिनिटं जाऊ द्या आणि त्यानंतरच कात्री लावा.

कात्रीच्या वेळी पात्राचा विचार करा. दिवसभर पानतंबाखू खाणाऱ्या कारकुनाची मिशी खालच्या कडेला थोडी तांबूस असते. पीळ देण्याची सवय असलेल्याची एकच बाजू जास्त वर गेलेली असते, कारण तो एकाच हाताने पीळ देतो. नट उजवा आहे की डावरा हे विचारून घ्या. प्रयोग संपल्यावर मिशी ओढून काढू नका. रिमूव्हर लावून थांबा. सलग प्रयोग असतील तर ओढलेल्या कातडीवर दुसऱ्या दिवशी गम लावताना नटाच्या डोळ्यांत पाणी येतं.

कपाळ

पुरुषाचं गंध आणि बाईचं कुंकू ही या काळातली सगळ्यांत बोलकी जागा. आडवं गंध आणि भस्माचे पट्टे शैवाचे, उभं गंध वैष्णवाचं, वारकऱ्याच्या कपाळी गोपीचंदनाचा उभा टिळा आणि त्यात बुक्का, खंडोबाच्या भक्ताच्या कपाळी भंडारा. मात्र घराण्यागणिक रीत बदलते. त्यामुळे पात्र कुठल्या घरातलं आहे ते ठरवून त्या घरच्या आजच्या वडीलधाऱ्यांना विचारणं सगळ्यांत चांगलं.

गंध सकाळी स्नानसंध्येनंतर लावलेलं असतं. सहाणेवर उगाळलेलं चंदन दुपारपर्यंत सुकून तडकतं आणि संध्याकाळी त्याच्या खुणाच उरतात. म्हणून सकाळच्या प्रवेशातलं ताजं, ओलसर गंध आणि दिवेलागणीच्या प्रवेशातलं अर्धवट झडलेलं गंध वेगळं करा. मी अजूनही रंगपटात खरं खोड आणि सहाण ठेवतो. क्रीमचं गंध तडकत नाही.

कुंकू लावायची जुनी रीत मेणावरची. मधमाशीचं मेण थोड्या खोबरेलात मऊ करून छोट्या डबीत ठेवा. भुवयांच्या मध्ये किंचित वर बोटाने मेणाचा गोल लावा. कुंकवाची चिमूट अनामिकेवर घेऊन त्यावर दाबा, घासू नका. नाकाच्या शेंड्यावर पडलेली धूळ कोरड्या ब्रशने झाडा, कारण तो लाल ठिपका पहिल्या रांगेतून हमखास दिसतो. दिव्यांच्या उष्णतेत पाऊण तासाने मेण सुटू लागतं. प्रवेश लांब असेल तर मेणाऐवजी लाल क्रीम लावून त्यावर पावडर आणि मग कुंकू दाबा. चिकट टिकली टाळा. ती दुरूनही टिकली म्हणूनच ओळखू येते. शिवाय काही टिकल्यांच्या चिकटद्रव्याने कपाळावर पांढरे डाग पडतात.

आता या गोलाकडे पात्र म्हणून पाहा. पहिल्या अंकातल्या चौदा वर्षांच्या द्वारकेला कुंकू सासूने लावलं आहे. ते मोठं आणि रेखीव आहे, तिच्या लहान कपाळाला न शोभणारं. आठ वर्षं संसार केलेली बाई ते स्वतः, आरशात न बघता, स्वयंपाकघरात जाता जाता लावते. ते किंचित डावीकडे सरकलेलं असतं. चुलीपुढच्या बाईचं दुपारपर्यंत घामाने खाली ओघळलेलं असतं. हात थरथरणाऱ्या सासूचा गोल कडेला फाटलेला असतो. मराठी नाटकात हल्ली सरसकट सगळ्या बायकांना एकाच मापाची चंद्रकोर लावतात. चंद्रकोर सुंदर आहे, पण वाड्यातल्या सहा बायकांच्या कपाळावर एकच साचा उमटला की त्या सहाजणी एकच होऊन जातात.

गोंदणासाठी काळी पेन्सिल वापरू नका. जुनं गोंदण हिरवट निळं असतं आणि कडा पसरलेल्या असतात. हिरवा, निळा आणि थोडा राखाडी मिसळून बारीक ब्रशने ठिपके द्या आणि ओल्या बोटाने एकदा टिपा. म्हातारीचं गोंदण सुरकुतीत मोडलेलं दिसायला हवं, म्हणून आधी सुरकुत्या, मग गोंदण.

बाईचे केस

मधोमध भांग, भरपूर तेल, मानेवर खोपा किंवा अंबाडा. कानांवरून सोडलेल्या बटा आणि कपाळावरची झुलपं हा आजचा शृंगार आहे. तो या काळात नको. तेल लावलेले केस डोक्याला चिकटून बसतात, त्यामुळे डोक्याचा आकार लहान आणि कपाळ मोठं दिसतं, चेहरा उघडा पडतो. नटीला ते सुरुवातीला आवडत नाही. तालमीत दोनदा तसे केस बांधून बसवलं की मान आपोआप सरळ होते. मग ती स्वतःच तसे बांधून मागते.

मोकळे केस म्हणजे प्रेमाचा प्रवेश, हे समीकरण इथे चालत नाही. या घरांत केस सुटलेले दिसायचे ते न्हाणं झाल्यावर, शोकात, अंगात आल्यावर किंवा भान सुटलेल्या रागात. तिन्हीसांजेला मोकळे केस घेऊन बसलेली सून पाहून सासू काही न बोलता दिव्याची वात वर करते, असा प्रवेश केला तर एका वाक्याशिवाय घरातलं वातावरण उभं राहतं. पाळीत बाजूला बसण्याचे तीन दिवस संपून बाई चौथ्या दिवशी न्हायली की तिच्या ओल्या केसांवरून सगळ्या वाड्याला ते कळायचं. नाटककाराने लिहिलं नसलं तरी अशा जागा आपण सुचवाव्यात.

खोप्यातल्या फुलांना ऋतू असतो. शेवंती थंडीत, मोगरा उन्हाळ्यात, जाई-जुई पावसाळ्यात, कोकणातली सुरंगी उन्हाळ्याच्या तोंडावर थोडे दिवस. संक्रांतीच्या प्रवेशात मोगऱ्याचा गजरा दिसला की गावाकडचा प्रेक्षक दचकतो. मूद, केतक, राखडी, अग्रफूल हे सोन्याचे दागिने श्रीमंत घरच्या बाईला सणावारी. ते रोजच्या प्रवेशात घातले की सणाचा प्रवेश फिका पडतो.

केशवपन

या भागावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो आणि घालवावा असंच मला वाटतं. ब्राह्मणांत आणि इतर काही जातींत नवरा गेला की बाईचे केस उतरवून तिला आलवण, म्हणजे विधवेचं लुगडं, नेसवायचे. सगळ्याच विधवांचं वपन होत नसे, सकेशा विधवाही असत. लहान मुलीचे केस ती वयात येईपर्यंत अनेक घरांत ठेवले जात. एकोणिसाव्या शतकात न्हाव्यांनी या कामावर बहिष्कार टाकला, त्यामागे सत्यशोधक चळवळ होती. तेव्हा पात्र कुठल्या जातीचं, वर्ष कुठलं, घर कसं, हे पुन्हा तक्त्यात बघा.

पदर डोक्यावर असल्यामुळे प्रेक्षकाला कपाळावरची रेषा, कानशिलं आणि वाकल्यावर मान एवढंच दिसतं. पदर एकदाही सरकणार नसेल तर केस सपाट बांधून, कपाळाच्या कडेला टकलाची पट्टी लावली तरी पुरतं. सरकणार असेल तर पूर्ण टक्कल लागतं. केस पाण्याने आणि जेलने भिजवून छोट्या वळ्यांत पिना लावून सपाट करा, त्यावर नायलॉनची टोपी, त्यावर टक्कल. प्लास्टिकच्या टकलाची कड अ‍ॅसिटोनने विरघळवून कातडीत मिसळता येते. लेटेक्सची कड अ‍ॅसिटोनने विरघळत नाही, तिथे द्रव लेटेक्सचे थर टिपावे लागतात. लेटेक्सवर रबर मास्क ग्रीस लावा, नेहमीचं फाउंडेशन त्यावर धड बसत नाही. कान टकलाच्या बाहेर काढा, नाहीतर नटीला समोरच्याचं वाक्य नीट ऐकू येत नाही. प्रयोगाच्या आठवडाभर आधी टक्कल घालून एक पूर्ण तालीम झालीच पाहिजे.

रंग देताना महिन्यापूर्वी विधवा झालेली द्वारका आणि वीस वर्षं सोवळी असलेली द्वारका यांत फरक करा. बावीस वर्षांच्या द्वारकेच्या डोक्याने कधी ऊन पाहिलेलं नाही. तिथली कातडी चेहऱ्याहून दोन छटा उजळ हवी, निळसर झाक जास्त आणि कानामागे वस्तऱ्याचा एखादा बारीक ओरखडा. चाळिशीतल्या द्वारकेचं डोकं आणि कपाळ एकाच रंगाचं झालेलं असतं, खुंटांत रुपेरी टोकं आलेली असतात. पहिली सारखा पदर पुढे ओढते, दुसरीला आपल्या डोक्याचा विसर पडलेला असतो. रंग बरोबर झाला की नटीचा हातही बरोबर जातो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन सुरू केलं. तुमची द्वारका अशा ठिकाणी शिकायला गेलेली दाखवायची असेल, तर केसांची वाढ हे तुमचं घड्याळ आहे. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. आठ महिन्यांनी भेटायला आलेल्या भावासमोर तिच्या डोक्यावर दहाएक सेंटिमीटरचे, कुठेच न बसणारे केस असतील. असा टोप बाजारात तयार मिळत नाही, साधा टोप कापून करावा लागतो. कापायच्या आधी दिग्दर्शकाकडून महिने पक्के करून घ्या.

एखाद्या नटीने स्वतःहून डोकं करायची तयारी दाखवली तर तिला विचार करायला वेळ द्या. आपण होऊन कधीही आग्रह धरू नका.

आजार: थोरले माधवराव

सोळाव्या वर्षी पेशवेपद, सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने थेऊरला मृत्यू. ही अकरा वर्षं एका नटाच्या चेहऱ्यावर दाखवणं ही रंगभूषेची कसोटी आहे, आणि नट बहुधा तिशीतला असतो.

१७६१च्या प्रवेशासाठी त्याला कमी करायचं आहे. दाढीची निळसर सावली नारिंगी झाक असलेल्या करेक्टरने झाका, डोळ्यांखालचा खळगा उजळा, मिशीची जेमतेम रेघ ठेवा. १७६३च्या राक्षसभुवनच्या लढाईनंतरच्या प्रवेशात चेहरा उन्हाने रापलेला, पण पगडी बसते तिथे कपाळावर उजळ पट्टा. पगडी काढून घाम पुसताना तो पट्टा दिसला की मोहीम दिसते.

शेवटच्या काळात हळूहळू जा. आधी रंग वजा करायचा. ओठांतला, कानाच्या पाळीतला तांबूसपणा कमी करा. मग हाडं. नटाला गाल आत ओढायला सांगा, बोटाने गालफडाचं हाड शोधा आणि त्याच्या खाली जांभळट तपकिरी छटा द्या. काळा किंवा राखाडी रंग लावलात तर तो मळ वाटतो. कानशिलाचा खळगा, मानेच्या शिरा, गळ्याखालचं हाड आणि हाताच्या बोटांचे सांधे यांनाही तीच छटा हवी. चेहरा खंगलेला आणि हात धडधाकट अशी विसंगती फार दिसते. क्षयाच्या तापाने गालावर लाली येते आणि डोळे चमकतात. म्हणून थेऊरच्या प्रवेशात गालफडावर कोरड्या लालीचा छोटा डाग ठेवा. मरणाच्या दारातला माणूस क्षणभर टवटवीत दिसतो, ते पाहवत नाही आणि तेच हवं असतं. न्हावी किती दिवसांत आलेला नाही हेही दाखवा, तासलेल्या भागावर आणि जबड्यावर खुंट वाढू द्या.

त्याच वेळी माधवरावांच्या पत्नी रमाबाईंचं कपाळ पाहा. त्या सती गेल्या. शेवटच्या प्रवेशात त्यांच्या कपाळावर मळवट, म्हणजे कपाळभर कुंकू, भरलेला असतो. शेजारच्या चेहऱ्यातला रंग जसजसा जातो तसतसं हे कपाळ भरत जातं. मळवट पहिल्यांदाच भरून थेट रंगमंचावर पाठवू नका, तालमीत भरा. नटीवर आणि बाकीच्यांवर त्याचा परिणाम होतो, त्याची सवय आधी व्हावी लागते.

दिवे

रंगभूषा पूर्ण झाली की प्रकाशयोजनाकाराबरोबर बसा. लाल दिव्याखाली लाल कुंकू जवळजवळ नाहीसं होतं. निळ्या रात्रीत ते काळं दिसतं. विधवा होण्याच्या प्रवेशात लाल झोत टाकायचा मोह होतो आणि नेमकं जे पुसायचं तेच आधीपासून दिसत नाही. समईचा पिवळा उजेड दाखवणाऱ्या दिव्यात गालाची लाली कमी दिसते, थोडी वाढवा. शेवटच्या रांगेत जाऊन बसा, मग पहिल्या रांगेत. कॅमेऱ्यासाठी काम करत असाल तर यातली प्रत्येक छटा निम्म्याने उतरवा, नेटची कड मात्र दुप्पट जपा.

आजच्या खुणा

कोरलेल्या भुवया सगळ्यांत आधी. निवड झाली त्या दिवसापासून थ्रेडिंग बंद करायला सांगा, दोन महिन्यांत पुरेशा वाढतात. नखांचं पॉलिश, मनगटावरचा घड्याळाचा उजळ पट्टा, कानाला पडलेली तीन-चार भोकं, फार पांढरे दात. दातांसाठी खास टूथ इनॅमल मिळतं, तेच वापरा. जुन्या काळी सवाष्णी दातवण लावून दात काळे करत, हे ज्येष्ठ स्त्रीपात्रात दाखवलंत तर हसण्याला वेगळंच वजन येतं. नथ डाव्या नाकपुडीत.

चार मिनिटांचा बदल

शेवटी द्वारकेच्या दुसऱ्या अंकाकडे येतो. आमच्या प्रयोगात नवऱ्याच्या मृत्यूची बातमी येते आणि ती पुन्हा रंगमंचावर येते, यांत चार मिनिटं होती. आधी आम्ही विंगेत कुंकू पुसून कपाळावर फाउंडेशन मारत होतो. कपाळ कोरं व्हायचं आणि काहीतरी खोटं वाटायचं. मग लक्षात आलं की आठ वर्षं रोज कुंकू लागलेलं कपाळ कोरं होत नाही. तिथे फिकट गोल उरतो, भोवतीची कातडी थोडी काळवंडलेली असते. मंगळसूत्राच्या जागी मानेवर रेघ राहते, बांगड्यांच्या जागी मनगटावर पट्टा.

म्हणून आता मी प्रयोगाआधीच, कुंकू लावण्यापूर्वी, त्या गोलाच्या जागी एक छटा उजळ रंग देतो, पावडरने पक्का करतो आणि त्यावर कुंकू लावतो. मानेवरची रेघ आणि मनगटावरचा पट्टाही दागिने चढवण्याआधी रंगवून ठेवतो. विंगेत करायचं काम एवढंच उरतं. खोबरेलाचं एक बोट, मऊ फडकं, एकदा वरून खाली. लाल रंग फडक्यावर येतो आणि गोल कपाळावर राहतो. द्वारका उजेडात येते तेव्हा तो तिसऱ्या-चौथ्या रांगेपर्यंत दिसतो. मागच्या रांगांना दिसत नाही, पण नटीला तो तिथे आहे हे माहीत असतं आणि तिचा हात एकदा तिथे जातो.